होडीची सोळा पानं

ढाक्याच्या पुस्तकमेळ्यात नवा लेखक ओळखायचा तर त्याच्यामागचे काका-मामा मोजावेत, असं अतहर हुसेन म्हणायचे. पंचवीस वर्षं बांगलाबाजारात प्रकाशनाचा धंदा केलेला माणूस. पहिल्या कादंबरीचे वाचक म्हणजे निम्मे नातेवाईक आणि उरलेले शेजारी, हे त्यांना पक्कं ठाऊक.

जोहरा आपांच्या मागे कुणीच नव्हतं. मादारीपूरच्या शाळेत भूगोल शिकवणारी पन्नाशीची बाई. सात वर्षं खपून कादंबरी लिहिलेली आणि नऊ प्रकाशकांनी परत केलेली; शेवटी ती अतहरभाईंनी छापली. प्रकाशनाच्या मंचावर पुस्तकावरचा रंगीत कागद त्यांनी स्वतःच सोडवला, टाळ्या एकट्या अतहरभाईंनी वाजवल्या. पण बाई खचल्या नाहीत. रोज तीनला स्टॉलवर हजर. थांबेल त्याला एक पान वाचून दाखवायच्या. अतहरभाईंना मनापासून कौतुक वाटे. इतकं चिवट माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं.

कादंबरीत पद्मा नदी कांचनझुरी नावाचं गाव गिळते आणि ऐनवेळी माणसं एका होडीतून वाचतात.

"हे गाव नेमकं कुठं हो, आपा?" अतहरभाईंनी एकदा विचारलं.

"कुठंच नाही. भूगोलाची बाई आहे मी. नकाशात नाही हे बघूनच नाव ठेवलं."

सहाव्या दिवशी एका रापलेल्या माणसाने प्रत घेतली, सही मागितली.

"नाव?"

"हाशेम माझी." तिकडे नावाड्याला माझी म्हणतात.

आपा हसल्या. "माझ्या कादंबरीतला नावाडीही हाशेम माझीच."

"ठाऊक आहे," तो म्हणाला.

मग रोज कुणी ना कुणी येऊ लागलं. सोनाबानू कासारीण, मशिदीत बांग देणारा लंगडा बांगी, मिठाईवाला गोष्टो. नावं सगळी पुस्तकातली. सवलत एकजण मागेना, आणि मेळ्यात सवलत न मागणारं गिऱ्हाईक म्हणजे नवलच. शाळेतल्या पोरींची थट्टा असेल म्हणावं, तर आपांनी शाळेत पुस्तकाचं नावही काढलं नव्हतं.

आठवड्याने हाशेम परत आला. पुस्तक उघडून त्याने समोर धरलं.

"आपा, आमची होडी कुठंय?"

पान एकशे साठ, त्यापुढे थेट एकशे सत्त्याहत्तर. बांधणीत सोळा पानांचा एक फर्मा राहिला होता, सगळ्याच प्रतींत. फेब्रुवारीत मेळ्याच्या घाईत बाइंडर असे घोळ घालतातच. पण होडीचं प्रकरण नेमकं त्याच पानांत होतं. ते नसेल तर गाव बुडतं आणि वाचत कुणीच नाही.

"दुसऱ्या आवृत्तीत घालू की," अतहरभाई म्हणाले.

"माणसं आहेत त्यात, भाई."

दुसऱ्या दिवशी आपांनी बाइंडरकडच्या ढिगातून तो फर्मा स्वतः उपसून काढला आणि खळीची वाटी घेऊन स्टॉलवर बसल्या. प्रती परत येऊ लागल्या. आपा एकेक उघडत, पानं चिकटवत, वरून हात फिरवत. प्रत मिळाली की माणूस सलाम करून जाई आणि पुन्हा दिसत नसे. अतहरभाईंनी वाद घालणं सोडलं. ते मुकाट्याने पानं धरून बसू लागले. या बाईपुढे आपण फार लहान, असं त्यांना वाटायचं.

एकवीस तारखेला, भाषादिनी, मेळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आपा नमाजाला गेल्या होत्या. गर्दीतून एक म्हातारी पुढे आली, प्रत छातीशी धरलेली.

"बाबा, माझी होडी चिकटवायची राहिलीय."

अतहरभाईंभोवती गिऱ्हाइकांचा गराडा होता. जन्मभर लेखकांना ऐकवलेलं वाक्य आपसूक तोंडातून गेलं.

"उद्या या, खाला."

म्हातारीने मान डोलावली आणि गेली.

परत आल्यावर हे ऐकून आपांचा चेहरा पडला. दोघांनी सगळा मेळा पालथा घातला.

म्हातारी दुसऱ्या दिवशी आली नाही. नंतरही नाही.

शेवटच्या दिवशी पानं चिकटवून उरलेली एक प्रत अतहरभाईंनी उघडली आणि होडीचं प्रकरण काढलं. होडी सुटते. हाशेम सगळ्यांकडे वळून विचारतो, ‘म्हातारीला उद्या या म्हणून कुणी सांगितलं?’

त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं.

"आपा, हे कधी घातलंत?"

आपांनी पिशवीतून हस्तलिखित काढून पुढे केलं.

त्यांच्याच अक्षरात तेच वाक्य होतं. शाई कित्येक वर्षांपूर्वीची, फिकी पडलेली.