कोपऱ्यातल्या सवाष्णी

उद्या चैत्रगौरीचं बोलावणं करायला तुला जायचंय, सूनबाई. आळीतली घरं तुला नीट ठाऊक नाहीत, म्हणून ओळीने सांगते. पण त्याआधी एक गोष्ट ऐक. मी आजवर कुणाला सांगितली नाही. दिवा जरा अलीकडे घे आणि बस.

पानिपत झालं त्याच्या लगेच पुढचा चैत्र. मी चोवीस वर्षांची होते. आपलं घर तेव्हाही इथेच, शनिवार पेठेत. माझी धाकटी बहीण शालू कसब्यात दिली होती. तिचे यजमान दत्तोबा फौजेत कारकून. आदल्या वर्षी शालूचं तान्हं मूल गेलं आणि ती कुणाशी धड बोलेनाशी झाली. पाण्याला गेली की हौदाच्या काठावर बसून राहायची, कुणीतरी हाताला धरून आणेपर्यंत. फौज उत्तरेला निघाली तेव्हा तीर्थं घडतील म्हणून पुष्कळ बायका बरोबर निघाल्या. शालूचं मन नव्हतं. ती माझ्याकडे आली, चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "ताई, मला नाही गं जावंसं वाटत."

मी भाकरी थापत होते. मान वर न करता म्हटलं, "जा. गंगेत बुडी मारलीस की जीव हलका होईल."

ती गेली. माझा शब्द तिने कधी मोडला नव्हता.

पौषात लढाई झाली, माघात खबर आली. खबर कसली, रोज नवं काहीतरी यायचं. अमका दिसला होता, तमका कैदेत आहे, फलाणा गोसाव्याच्या वेषात येतोय. शनिवार पेठेत असं घर नव्हतं की ज्याचं कुणी उत्तरेत नव्हतं. कोपऱ्यावरच्या शमशुद्दीन अत्तारांचा मुलगा तोफखान्यात होता, त्याचाही पत्ता नव्हता. देवळातली कीर्तनं बंद पडली. बायका विहिरीवर भेटल्या तरी एकमेकींच्या कपाळाकडे बघायच्या आणि खाली मान घालायच्या. कुणाचं कुंकू खरं आणि कुणाचं नुसतंच राहून गेलेलं, ते जिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

तृतीयेला गौर झोपाळ्यात बसली. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "यंदा हळदीकुंकू करायचं."

"बोलवायचं कुणाला?" मी विचारलं.

"सगळ्यांना. जिच्या घरी खबर नाही ती सवाष्ण."

"लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत. त्यांना दुसरं काम काय आहे? कुंकू लावणं आपल्या हातात आहे. पुसायला लोक पुष्कळ आहेत."

मग मी घरोघर बोलावणं करत हिंडले. दारं अर्धवट उघडायची. बायका माझ्याकडे बघत राहायच्या आणि हलकेच विचारायच्या, "मीसुद्धा यायचं?" मी म्हणायचे, "तुम्हीसुद्धा." एकीने दार लावून घेतलं आणि ती आतून रडत राहिली. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांआधी तीच आली.

सकाळी मी अंगणात चैत्रांगण काढलं. सूर्य, चंद्र, तुळस, शंख, हत्ती, मधे झोपाळ्यातली गौर. माझी रांगोळी पेठेत नावाजलेली होती. सासूबाईंनी आरास मांडली. वाटली डाळ झाली, पन्हं झालं, हरभरे भिजले. अत्तारांनी गुलाबपाणी पाठवलं आणि निरोप दिला, 'लेकीबाळींवर शिंपडा.'

तिसऱ्या प्रहरी ऊन नुसतं पेटलेलं. बायका आल्या आणि ओसरीवर ओळीने बसल्या. तीसेक असतील. नुसता पंख्यांचा आवाज, बांगड्यांचा आवाज, झोपाळ्याची कडी कुरकुरत होती तिचा आवाज. शेवटी एका म्हातारीने गौरीचं गाणं धरलं. तीन महिन्यांत पेठेत पहिल्यांदा गाणं झालं. एकेक गळा मिसळत गेला. गाणं संपल्यावर रिवाज म्हणून कुणीतरी म्हणालं, "वेणू, नाव घे."

शेजारची वेणू पंधरा वर्षांची. लग्नानंतर दोन महिन्यांतच तिचे यजमान फौजेबरोबर गेले होते. ती उभी राहिली, लाजत लाजत तिने नाव घेतलं. आणि तशीच उभी राहून सासूबाईंना म्हणाली, "आपण नाव घेतलं, म्हणजे ते असतात ना?"

पंखे थांबले. सासूबाई उठल्या, तिला जवळ घेऊन बसल्या, आणि मला म्हणाल्या, "तू कुंकू लावायला घे."

मी करंडा घेऊन ओळीच्या टोकापासून सुरुवात केली. चेहऱ्यांकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. नुसती कपाळं बघत सरकत होते. एक, दुसरं, तिसरं. ओळ पार कोठीच्या दारापर्यंत गेली होती. तिथे दुपारीही अंधार असायचा. तिथवर पोचले तेव्हा मला वास आला. शेवाळाचा, खोल पाण्याचा. चैत्रात कुठलं आलं शेवाळ? मला वाटलं, मागच्या दारी घागर सांडली असेल.

मी बोट पुढच्या कपाळावर टेकलं आणि हात झटक्याने मागे आला. ते कपाळ गारेसारखं थंड होतं. आणि ओलं. लावलेलं कुंकू नाकावरून खाली ओघळलं.

"ताई," ती म्हणाली, "पुन्हा लाव."

मी चेहऱ्याकडे बघितलं.

"शालू... कधी आलीस?"

"हळू बोल."

"एकटी आलीस? दत्तोबा कुठे आहेत?"

"ते पुढे गेले."

तिच्या लुगड्यातून पाणी ठिबकत होतं. केस गालाला चिकटले होते. हात मांडीवर जुळवून ती बसली होती, लहानपणी आई वेणी घालायची तेव्हा बसायची तशी. मला भीती नाही वाटली. खरंच सांगते, तेव्हा नाही वाटली. मला वाटलं, माझी बहीण आली. मी म्हटलं, "आत चल. कोरडं नेस."

"नको. आधी कुंकू लाव. तिकडे कुणी लावायलाच नव्हतं गं."

मी दुसऱ्यांदा लावलं. ओघळलं. पदराने तिचं कपाळ पुसलं, दाबून तिसऱ्यांदा लावलं. तेही सरकलं, पण थोडं राहिलं. तिने डोळे मिटले. इतकं समाधान मी तिच्या तोंडावर मूल गेल्यापासून बघितलं नव्हतं.

मग ती म्हणाली, "आता त्यांनाही लाव."

"कुणाला...?"

तिने मागे मान वळवली.

कोठीच्या दाराशी भिंत होती, सूनबाई. तिथे ओळ संपत होती. पण त्या दिवशी ती संपत नव्हती. शालूच्या पलीकडे, अंधारात, बायका बसल्या होत्या. गुडघ्याला गुडघा लावून. सगळ्यांच्या माना खाली. सगळ्यांच्या अंगावरून पाणी गळत होतं, आणि त्याचा आवाज होत नव्हता. अगदी जवळच्या बाईने कपाळ माझ्यापुढे केलं. तोंड दिसत नव्हतं. नुसतं कपाळ... वाट बघणारं.

"लाव ना, ताई. सवाष्णी आहेत सगळ्या."

माझ्या हातात करंडा होता. भरलेला होता. एक पाऊल टाकायचं आणि बोट टेकायचं, एवढंच होतं.

"नाही," मी म्हटलं. "मला... नाही जमणार."

शालूने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. ती म्हणाली, "बरं."

एवढंच. फौजेबरोबर जा म्हटलं होतं तेव्हाही ती असंच 'बरं' म्हणाली होती.

सासूबाईंनी हाक मारली म्हणून मी वळले, आणि पुन्हा बघितलं तर भिंत होती. जमीन भिंतीपर्यंत ओली होती. मी कुणाला काही बोलले नाही. मागच्या दारी घागर उपडी नव्हती, भरलेलीच होती.

आषाढात गेनबा आला. दत्तोबांच्या घोड्याची निगा राखणारा मोतद्दार. पायाला चिंध्या बांधलेल्या, अंगात नुसती हाडं. अंगणात बसून त्याने सांगितलं ते मी दाराआडून ऐकलं. दत्तोबा दुपारीच पडले. छावणी मोडली तेव्हा मागच्या बायका एका विहिरीकडे धावल्या.

"तिसऱ्या दिशी म्या गावकऱ्यांसंगं गेलो," तो म्हणाला. "त्येवीस बाया काढल्या. धाकल्या बाईंना म्या वळखलं. समद्यांची कपाळं पान्यानं धुऊन गेल्याली. पर धाकल्या बाईंच्या कपाळावर कुकू व्हतं. वलं. आत्ताच कुनी लावल्यागत, नाकावर वघळल्यालं. म्या पुसाया गेलो तर बोटाला लागलं."

मी दाराबाहेर आले. परपुरुषासमोर मी कधी येत नसे. विचारलं, "बाकीच्या बावीस जणींना?"

"काय, बाईसाब?"

"त्यांना कुंकू नव्हतं?"

त्याला माझा प्रश्न कळला नाही.

पौषातली गोष्ट सांगत होता तो. आणि मी बोट टेकलं ते चैत्रात. हे मी पुष्कळ वेळा मोजून बघितलंय. मोजून काही होत नाही.

त्यानंतर दरवर्षी हळदीकुंकवाच्या दिवशी, सगळ्या गेल्यावर, मी त्या कोपऱ्यात चटई घालायचे आणि करंडा घेऊन दिवेलागणीपर्यंत बसायचे. 'या,' म्हणायचे. कितीजणी असाल त्या सगळ्या या. चाळीस वर्षं झाली. कुणी आलं नाही. शालूही नाही. तिला माझी भीती दिसली होती ना.

हे बघ, दिवा खाली धर. माझ्या उजव्या हाताचं हे बोट. बाकीच्या बोटांवर म्हातारपणाच्या सुरकुत्या आहेत. ह्याच्या तशा नाहीत. खूप वेळ पाण्यात राहिल्यावर पडतात तशा आहेत ह्या, त्या दिवसापासून. राखेत धरलं, उन्हात धरलं, चुलीशी धरलं.

हात लावून बघ. घाबरू नकोस. मी आत्ताच पदराला पुसलंय... आता सांग, कोरडं लागतंय का तुला?