रत्नाक्काचा अंगठा

त्या काळात पश्चिम प्रांतात कर उरला नव्हता. घरपट्टी गेली, पाणीपट्टी गेली आणि त्यांच्या जागी आसपट्टी आली. सरकारी नाव भाग्यपत्र, पण रुकेवाडीनं पहिल्याच आठवड्यात तिचं खरं नाव ठेवलं. बोटभर पुठ्ठा, वर राखाडी थर. नखानं खरवडायचं, खाली तीन हत्ती निघाले की बक्षीस. सरकारला एक गोष्ट नीट कळली होती : कर मागितला की माणूस दगड उचलतो, आस विकली की तोच माणूस उजाडायच्या आत रांगेत उभा राहतो.

रुकेवाडी म्हणजे पैंजणांचं गाव. घरोघरी चांदीच्या भट्ट्या. नवी भट्टी पेटवायची तर सवाष्णीच्या हातानं, हा तिथला जुना रिवाज. तोच रिवाज गावानं आसपट्टीला लावला. शुक्रवारी गठ्ठे आले की सवाष्णीच्या अंगठ्याला हळदकुंकू लावायचं आणि तिच्याकडूनच खरवडून घ्यायचं. त्या वेळी गल्लीतल्या विधवांनी आत बसायचं. गाव वर्षानुवर्षं हरत होतं आणि वर्षानुवर्षं हळद लावत होतं.

रत्नाक्का अशीच आत बसायची. तिचा नवरा भट्टी फुटून गेला, त्या दिवसापासून गावानं तिला एकच धडा दिला : आता तू काही मागायचं नाहीस. हिरवं नाही, ओटी नाही, लग्नात पुढं यायचं नाही. ती तो धडा शिकली. गाव म्हणालं, बाई समजूतदार आहे. माणसाच्या आतलं सगळं मारून टाकायचं आणि वर त्याला समजूतदार म्हणायचं, ही आपली जुनी कारागिरी.

तिला एकच लागून राहिलं होतं. मुलगा सुकुमार पट्टीच्या नादातून सुटावा. बापाच्या हातचं कसब त्याच्या बोटांत होतं, पण नखं सदा राखाडी.

त्या शुक्रवारी शेजारची शालन आली होती. हातभर हिरव्या बांगड्या, तोंडभर हसू. तिच्या हाताला यश आहे म्हणून गल्ली तिला धरून असायची. तिनं खरवडलं. दोन हत्ती निघाले आणि तिसऱ्याची नुसती सोंड. सुकुमार म्हणाला, थोडक्यात हुकलं. भट्टी विकून मोठा गठ्ठा घेतो. गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं त्यानं.

रत्नाक्का उठून बाहेर आली आणि तिनं एक पट्टी उचलली.

"आक्का, तुमी नका हात लावू," शालन कळवळून म्हणाली.

"लावते. एकदा इटाळू दे सगळं. म्हंजे तरी सुटंल हा."

तिनं रागानं खरवडलं. तीन हत्ती. सुकुमारनं दुसरी पुढं केली. पुन्हा तीन हत्ती.

पुढच्या शुक्रवारी गल्लीतल्या सगळ्या विधवा ओसरीवर होत्या. ज्यांची सावली चुकवायचं, त्यांचे पाय धुवायला गाव पाणी तापवत होतं. सगळ्याच अंगठ्यांखालून हत्ती निघत होते. वारं शेजारच्या गावांत गेलं, मग तालुक्यात, मग प्रांतभर. पावसाळा सरेपर्यंत तिजोरीचा तळ दिसू लागला.

तेव्हा राजधानीहून डॉ. वैजयंती सबनीस आल्या. पट्टीचा थर त्यांनीच तयार केला होता. चहा घेऊन त्यांनी सांगितलं ते असं : पट्टीवर आधी काहीच छापलेलं नसतं. खरवडताना नखाखालचा घाम थराला लागतो. माणूस आशेत असला की घामात एक द्रव्य वाढतं, आशा विझली की ते घटतं. थर ते मोजतो आणि त्याप्रमाणे हत्ती उमटतात. आस भरपूर असेल तर कोरी पट्टी, कारण हा माणूस उद्या येणारच. आस ढळू लागली तर दोन हत्ती आणि सोंड. अगदीच मेली असेल, तर त्याला परत ओढायला बक्षीस.

"म्हंजे गळ," रत्नाक्का म्हणाली. "जसा मासा, तसं आमिष."

"हो. पण जिची आस मेली ती बाई पट्टी विकत घेतच नाही. त्यामुळे तुम्ही आमच्या गणितातच नव्हता."

"आमी कुनाच्याच गनितात नव्हतो, बाई."

डॉक्टरीणबाईंनी कप खाली ठेवला. मग विधवांनी खरवडणं थांबवावं, अशी त्यांनी विनंती केली. तिजोरी बुडाली तर शाळा-दवाखाने बंद पडतील म्हणाल्या.

"मग मागा की उघड कर. गरिबाचा घाम चोरून का मोजता?"

डॉक्टरीणबाई उठल्या. जाताना बाई उंबऱ्यात थांबल्या. "आक्का, आस आम्ही मोजली, पण मारली तुमच्या गावानं. आणि आता त्यांना बक्षिसासाठी तुमचं दुःख लागणार आहे. जपा."

रत्नाक्काला तेव्हा ते दूरचं वाटलं. कारण दिवाळीच्या तोंडावर सरकारनं हात टेकले. शिल्लक गठ्ठे संपले की आसपट्टी कायमची बंद. रुकेवाडीत हलगी कडाडली. हळदीनं पिवळे झालेले अंगठे वर करून विधवा पेठेतून मिरवल्या आणि सगळ्यांच्या पुढं रत्नाक्का, हिरव्या लुगड्यात. पेठेनं वाट सोडली. एकाचीही नाक मुरडायची छाती झाली नाही. पायात स्वतःच्या गावचे पैंजण घालून ती नाचली, पोट धरून हसली. घरी भट्टी पेटली, पेटवली तिनंच.

शेवटचे गठ्ठे आले, तेव्हा सुकुमारनं पाट मांडला. तिनं खरवडलं. कोरी. दुसरी, कोरी. रत्नाक्का पट्टीकडे बघत राहिली आणि मग तिला हसू फुटलं. तिला उद्या हवासा वाटत होता. सरकारच्याच यंत्रानं तसा दाखला दिला होता.

सुकुमार हसला नाही. जवळ सरकून हळू आवाजात म्हणाला, "आई, आप्पांना भट्टीतनं कसं काढलं, ते जरा आठव की. मग खरवड."

रत्नाक्कानं पट्टी खाली ठेवली. "न्हाई आठवत," ती म्हणाली. खोटं होतं ते, पण ताठ मानेनं बोललेलं. सुकुमार गठ्ठा उचलून निघून गेला.

थोड्या वेळानं गल्लीत गलका झाला, म्हणून ती बाहेर आली. शालनचा नवरा आदल्या दिवशी घाटात गाडी उलटून गेल्याची बातमी नुकतीच आली होती. शालन भिंतीला टेकून बसली होती, बांगड्यांवाचून, डोळे कोरडे. तिच्या दारापासून पेठेपर्यंत रांग लागली होती. प्रत्येकाच्या एका हातात हार, दुसऱ्या हातात गठ्ठा, आणि कुणीतरी हळदीची वाटीही आणली होती.

रत्नाक्का पदर खोचून शालनच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून. तिला ओलांडून आत जायची कुणाची हिंमत झाली नाही.

फक्त रांगेतला पहिला माणूस मागं हटेना. "आई, बाजूला हो," तो म्हणाला.