सहीआधीचे पाच प्रश्न

"भरतीचा फॉर्म इथेच मिळतो ना?"

मी मान वर केली. चांगलीच वर करावी लागली — इतका उंच होता तो. भुरभुर पावसाने केस कपाळाला चिकटले होते, आणि स्वारी आमच्या टेबलालाच सैन्यभरतीचं ऑफिस समजली होती.

"फॉर्म शेजारच्या दारात," मी म्हटलं. "इथे सही करण्याआधी विचारायचे प्रश्न मिळतात."

"म्हणजे तुम्ही त्या... 'जाऊ नका' म्हणणाऱ्या?"

"आम्ही जा म्हणत नाही, जाऊ नका म्हणत नाही. विचार करा म्हणतो."

"बसून केला तर चालेल?" असं म्हणत तो बसलासुद्धा. हसला तेव्हा डाव्या गालाला खळी पडली. मी उगाचच पत्रकांचा गठ्ठा सरळ केला.

आम्ही सातजण होतो, सगळे पंचविशीच्या आतले. आठव्या सिस्टर. लष्करी इस्पितळात तीस वर्षं नर्स म्हणून काढून त्या निवृत्त झाल्या आणि त्यांनीच हे टेबल मांडलं. पत्रकावर पाच प्रश्न, आणि जाडजूड फाइलीत इतर वाटा: अग्निशमन दल, रुग्णवाहिका, पूलदुरुस्ती, जंगलखातं. सिस्टरांचे नियम कडक. कुणाचं नाव विचारायचं नाही, वहीत फक्त वर्णन लिहायचं. आणि एका मुलाशी आपल्यापैकी एकाने तीनदाच बोलायचं. चौथ्यांदा आला तर दुसऱ्याकडे सोपवायचा, कारण ओळख वाढली की सल्ल्याचा आग्रह होतो.

मी वहीत लिहिलं, 'उंच, खळी.'

त्याला गणवेश हवा होता आणि माणसं वाचवायची होती. भरती अधिकाऱ्याने बचावपथकात घालतो म्हणून सांगितलं होतं. वडील माजी सैनिक. त्यांनी तर गल्लीभर सांगूनही टाकलं होतं.

"ते बचावपथकाचं करारात लिहिलंय?" मी विचारलं. तो आमचा दुसरा प्रश्न.

"साहेब बोललेत ना..."

"बोललेत. लिहिलंय का?"

तो पत्रक घेऊन उठला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. आणि तिसऱ्या. चौथ्या दिवशी मी मुकाट्याने त्याला दुसऱ्याकडे सोपवायला हवं होतं... नाही सोपवलं. वहीत नवं वर्णन लिहिलं, 'निळा सदरा.' मग 'छत्री नसलेला.' मग 'फाइल दोनदा वाचणारा.' एव्हाना 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नव्हतं.

"सगळं विचारतेस," तो एकदा म्हणाला, "तुला काय वाटतं ते मात्र सांगत नाहीस."

"मला काय वाटतं ते फाइलीत नाही."

"म्हणूनच तर विचारतोय —"

मी पान उलटलं. अग्निशमन दल, दीड वर्षाचं प्रशिक्षण, दुसऱ्या शहरात. शेवटचे दोन शब्द मी दोनदा वाचले, आणि ते त्याच्या लक्षात आलं.

त्याच आठवड्यात माझी चोरी पकडली गेली. सिस्टरांनी चष्मा लावून वही चाळली. "चार वेगवेगळी मुलं, आणि प्रत्येकाला बचावपथकातच जायचंय?" त्या म्हणाल्या. "आणि काय गं, वहीत खळी लिहायची असते?"

माझे कान तापले. "चुकले, सिस्टर."

"प्रेमात पडलीस त्यात चूक नाही. पण उद्या त्याने तुझ्यासाठी सही केली नाही, तर आयुष्यभर त्याला वाटेल की एका पोरीने अडवलं. चालेल तुला?"

नव्हतं चालणार. त्याला मी टेबलापाशी पुन्हा भेटले नाही. पुढचं सगळं त्याच्याशी सिस्टरच बोलल्या.

सहीचा दिवस शुक्रवार. मी भरती ऑफिसच्या दारासमोर पत्रकं वाटत उभी होते. इस्त्रीचा सदरा घालून तो आला, माझ्यासमोर क्षणभर थांबला. 'जाऊ नकोस' अगदी ओठांवर होतं. मी ते गिळलं आणि इतरांना देते तसंच एक पत्रक त्याला दिलं. तो आत गेला.

पाऊण तास! तेवढ्यात हातातली सगळी पत्रकं वाटून संपली.

बाहेर आला तो एकटा नव्हता. मागोमाग चार मुलं होती. रांगेत उभं राहून त्याने पाचही प्रश्न अधिकाऱ्याला मोठ्याने विचारले होते, आणि 'आधी सही कर, मग बघू' हे उत्तर सगळ्या खोलीने ऐकलं होतं. ती चार मुलं थेट सिस्टरांच्या टेबलाकडे वळली.

"नाही केली," तो म्हणाला. "अग्निशमनाचा अर्ज परवाच टाकलाय. आता बाबांना सांगायचंय. येतेस?"

त्याचे वडील एका पायावर भार देऊन त्यांच्या इमारतीच्या जिन्यातच उभे होते. सगळं ऐकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माझ्या मुलाला पळपुटा केलं ती तूच का?"

"पळपुटा मागच्या दाराने जातो, काका," मी म्हटलं. मान खाली घातली नाही. "तो पुढच्या दाराने गेला, सगळ्यांदेखत प्रश्न विचारले, आणि पुढच्याच दाराने बाहेर आला. मला त्याचा अभिमान वाटतो."

त्यांनी पत्रक मागून घेतलं. पाचव्या प्रश्नावर त्यांनी बोट ठेवलं: 'तुम्हाला काही झालं, तर पुढे तुमच्याकडे कोण बघणार?'

"हा कुणी लिहिला?"

"मी."

"अकरा वर्षं मी या गुडघ्यासाठी अर्ज करतोय," ते हळूच म्हणाले. "अजून उत्तर नाही." मग पत्रकाची घडी घातली. "मला हे सगळं पटलंय असं समजू नका."

तेवढ्यात समोरच्या काकू दार उघडून डोकावल्या. "झाली का हो सही?"

वडिलांनी पाठ ताठ केली. "नाही केली. आमचा मुलगा आगीतून माणसं काढायला चाललाय. स्वतः ठरवलंय त्याने."

"अगंबाई! आणि ही कोण?"

वडिलांनी मुलाकडे पाहिलं. मीही पाहिलं... आम्ही एकमेकांना अजून मनातलं काहीच सांगितलं नव्हतं.

"माझं प्रेम आहे हिच्यावर, काकू," तो म्हणाला, तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "हिला अजून सांगितलेलं नाही."

"माझंही आहे," मी म्हटलं, आणि कठड्यावरचा त्याचा हात सगळ्यांसमोर हातात घेतला.