छातीतली मोजणी

१९३२च्या माघात पारोळ्याजवळच्या एका दवाखान्यात रुपचंद डॉक्टर दुपारची फेरी घ्यायला निघाले, तेच वैतागलेले. न्यूमोनियाने महिन्याभरात दोन माणसं त्यांच्या हातून गेली होती. इंग्रजी ग्रंथात छाती कशी ठोकायची, काय ऐकायचं, सगळं बारकाईनं दिलेलं. औषध तेवढं नव्हतं. सातव्या-आठव्या दिवशी ताप एकदम उतरतो, नाहीतर रोगी जातो. तोवर नुसतं बघत बसायचं!

तिसऱ्या खाटेवर कापसाच्या जीनमधला हमाल अभिमन. आज सातवा दिवस. उशाशी बायको, भागाबाई. जवसाच्या पोटिसाचा तेलकट वास कोंदलेला.

डॉक्टरांनी पाठीला नळी लावली. "एक, दोन, तीन म्हणा."

"एक... दोन... तीन..."

न्यूमोनियाने फुप्फुस घट्ट झालं की येतात, तसे शब्द नळीतून स्वच्छ आले. ग्रंथात तसंच होतं. मग अभिमन थांबला, आणि नळीतून आलं, "चार."

"पुरे. थांबा."

"मी... थांबेल शे," अभिमन पुटपुटला आणि त्यानं ओठ मिटले.

"पाच." कोरडा, सावकाश आवाज. अभिमनचा नव्हता.

डॉक्टरांनी नळी झटकली, दुसरी आणवली. "सहा." ते भागाबाईवर खेकसले, "हा काय प्रकार आहे?"

तिनं पदर तोंडाशी धरला. "कालपाईन असंच शे, डाक्तरसाहेब... त्यास्नं तोंड मिटेल ऱ्हास, तरी आवाज येस."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगीसन काय व्हतं?"

डॉक्टरांनी खोलीत जाऊन ग्रंथाची पानं तावातावानं उलटली, तो मिटून आपटला आणि परत येऊन बसले. ब्रँडीचे चमचे दिले, पोटीस बदललं. आत मोजणी चालूच. दिवेलागणीला अभिमनला दरदरून घाम फुटला, अंग गार पडलं, त्यानं पाणी मागितलं. मोजणी थांबली होती. भागाबाई डॉक्टरांच्या पायावर डोकं ठेवून रडली.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी घरी सोडताना डॉक्टरांनी त्याला शेवटचं तपासलं. श्वास नाही. ठोका नाही. मनगट चाचपलं; तिथंही काही नाही. अभिमन पटका बांधत हसत होता.

"बठ्ठं बरं शे ना, साहेब?"

"...हो."

कागदावर 'बरा झाला' किंवा 'वारला' एवढ्याच दोन जागा होत्या. डॉक्टरांनी चरफडत पहिलीवर खूण केली आणि दाराशी आले.

बाहेर कडाक्याची थंडी होती. नवराबायको बोलत बोलत वाटेला लागली. भागाबाईच्या तोंडातून शब्दागणिक वाफ निघत होती. अभिमन तिच्याहून जास्त बोलत होता. त्याच्या तोंडापुढची हवा स्वच्छ होती.