आक्काची कडी

यातलं बरंचसं मी स्वतः पाहिलेलं नाही. पण जिच्यावर बेतलं ती माझी सख्खी थोरली मावशी. सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेलेली. काचेखाली दिसतं तेवढंच खरं मानणारी बाई. भुताखेतांचा विषय निघाला की उठून आत जायची.

हे सांगताना ती एकदाही माझ्याकडे बघत नव्हती. म्हणूनच मला ते खरं वाटलं.

शनिवार होता. दिवेलागणीची वेळ.

मावशी आणि काका बरेच महिने परदेशात, मुलाकडे राहून घरी परतले होते. टॅक्सीवाला फाटकाशी बॅगा उतरवून गेला. काकांच्या गळ्यात विमानातली ती अर्धगोल उशी अजून तशीच लटकत होती. मावशी वाटभर त्यावरून त्यांना चिडवत आली होती.

त्यांचं घर गल्लीच्या टोकाला. बैठं. पुढे हॉल, मग लांबलचक पॅसेज, पॅसेजच्या शेवटी एक दार.

त्या दारापलीकडे आक्काची खोली.

आक्का म्हणजे काकांची मोठी बहीण. आईवडील लवकर गेले तेव्हा हिनं शिलाई मशीनवर पाय झिजवून धाकट्या भावाला इंजिनिअर केलं. स्वतःचं लग्न राहूनच गेलं. म्हातारपणी दम्यानं बेजार झाली होती. तिची शेगडी वेगळी, न्हाणीघर वेगळं, मागच्या बाजूला उघडणारं दारही वेगळं. फोन मात्र एकच, हॉलमध्ये. मोबाइल हातात दिला की म्हणायची, "नको बाई, बोट लावलं की पळतंय ते."

निघताना मावशीनं काकांना बजावलं होतं, "पॅसेजमधलं दार उघडं ठेवा. वेळीअवेळी त्यांना फोन करावा लागला तर?"

"ठेवलंय," काका म्हणाले होते.

तिकडे दर आठवड्याला ते फोन घेऊन बाल्कनीत जायचे. परत आले की सांगायचे, "आक्का बरी आहे. तुझी चौकशी करत होती."

मावशीनं कुलूप उघडलं. दार ढकललं.

दार ढिम्म हललं नाही.

आतून कडी होती.

मावशीला उलट हायसं वाटलं. "आक्का पुढेच येऊन बसल्यात वाटतं." तिनं दार वाजवलं. "आक्का, आम्ही आलो."

तिनं पुन्हा वाजवलं.

"चल," काका मागून म्हणाले. "आज हॉटेलात राहू. उद्या बघू."

"स्वतःचं घर समोर असताना हॉटेलात? विमानात झोप झाली नाही का तुमची?"

तिनं वळून पाहिलं. काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आणि तेवढ्यात आतून...

खट खट खट खट...

मशीनचा आवाज.

मग तो थांबला. मग पावलं. एक पाऊल टाकलेलं, दुसरं फरफटत आलेलं. आक्का अशीच चालायची.

पावलं दारापाशी येऊन थांबली.

कडी सरकली.

"बघा, उघडलं की नाही," म्हणत मावशी आत शिरली.

हॉलमध्ये कोणी नव्हतं.

कोंदट वास. सगळीकडे धूळ. आणि त्या धुळीत, दारापासून आतपर्यंत... एकाही पावलाचा ठसा नव्हता.

मागे धाडकन दार लागलं. मावशी दचकून वळली. काका बाहेरच राहिले होते. तिच्या डोळ्यांदेखत ती जाड लोखंडी कडी सावकाश सरकत गेली आणि बसली.

कडीवर कुणाचाही हात नव्हता.

मावशीनं दोन्ही हातांनी ती ओढून काढली आणि धडपडत बाहेर आली. काका पायरीवर डोकं धरून बसले होते. त्या गडबडीनं शेजारची नर्स धावत आली. तिनं मावशीचे हात हातात घेतले.

"काकू, सावकाश. मला वाटलंच होतं, घरात पाऊल टाकल्यावर तुम्हाला फार जड जाणार. शेवटचं दर्शनसुद्धा नाही झालं आक्कांचं."

मावशीला काही कळेना. "कुणाचं दर्शन?"

नर्सनं काकांकडे पाहिलं. "काका, तुम्ही सांगितलं नाहीत? मी तर त्याच दिवशी फोन केला होता. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्याच महिन्यात."



मग नर्सनंच सांगितलं. मशीनचा आवाज येईना म्हणून ती मागच्या बाजूला गेली, खिडकीतून डोकावली. आक्का पॅसेजच्या दाराला टेकून पडली होती. दम्याचा झटका आला असणार. फोनपर्यंत पोचायचं होतं तिला. दाराला पलीकडून कडी होती. मागचं दार गोदामाच्या भिंतीकडे उघडतं, आणि धाप लागलेली असताना हाक तरी कशी मारणार? म्हणून ती हेच दार ठोठावत राहिली. बोटांची सालं निघेपर्यंत.

मावशीनं नवऱ्याकडे पाहिलं. "दार उघडं ठेवलंय म्हणालात."

"अगं, ती हल्ली विसराळू झाली होती. घरभर फिरायची, दिवे चालू ठेवायची. मला काय ठाऊक असं होईल? आणि नंतर सांगून काय फायदा होता? ती काय परत येणार होती? तुझा सगळा प्रवास नासला असता."

"मग बाल्कनीत जाऊन कुणाशी बोलत होतात?"



मावशी म्हणते, तेव्हा तिच्या अंगातली भीती कुठे गेली कुणास ठाऊक. तिनं शांतपणे दाराकडे बोट दाखवलं.

"आत जा. माफी मागा त्यांची."

"आत कोणी नाहीये."

"मग जायला काय हरकत आहे?"

शेजारीण बघत होती. काकांनी गळ्यातली उशी काढून पायरीवर ठेवली, आणि गेले.

दार लागलं. कडी बसली.

पहिल्यांदा काहीच नाही. मग मावशीनं दाराशेजारच्या खिडकीच्या काचेतून पाहिलं... काका दोन्ही मुठींनी आतून दार बडवत होते. तोंड वासून ओरडत होते. मानेच्या शिरा फुगल्या होत्या.

मावशी बाहेरून त्याच दाराला हात टेकवून उभी होती.

दार हलत नव्हतं. आवाज येत नव्हता. कसलाच नाही.

मग काकांनी पाठीमागे पाहिलं. पॅसेजकडे. आणि कुणीतरी बोलावल्यासारखे, पाय मागे ओढत असतानाही, तिकडे चालत गेले.

नर्सनं गल्लीतली माणसं गोळा केली. एकानं पहार आणली. पण पहारीची गरजच पडली नाही. नुसतं बोट लावताच दार उघडलं.

काका आक्काच्या खोलीत सापडले. दाराला टेकून बसलेले. जिवंत. बोटांची सालं निघालेली.

आणि त्या दाराला हॉलच्या बाजूनं कडी घातलेली होती.

ते घर त्यांनी सोडलं. आता फ्लॅटमध्ये राहतात. काकांचा आवाज गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणतात, घशात काही दोष नाही. नव्या घरात मावशीनं एकाही दाराला कडी ठेवलेली नाही. सुतार बोलावून सगळ्या काढून टाकल्या. नुसती भोकं राहिलीत.

मागच्या महिन्यात मी दुपारचा त्यांच्याकडे गेलो होतो. तेव्हाच तिनं मला हे सगळं सांगितलं. बोलता बोलता ती मटार सोलत होती.

"काका कुठे आहेत?" मी विचारलं.

तिनं मानेनंच आतली खोली दाखवली. दार बंद होतं. मी उठून ढकललं.

हललं नाही.

"मावशी, दार अडकलंय."

"अडकलं नाहीये. बस तू. मनात येईल तेव्हा सोडतात त्या."

मी दाराला कान लावला. आत एक माणूस आहे, असं वाटण्याजोगं काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं.

"आणि नाही सोडलं तर? तू त्यांना विनवत का नाहीस?"

"एकदा विनवलं होतं. म्हटलं, आक्का, आता पुरे करा." मावशीनं एक शेंग उचलली, सोलली. "त्यानंतर माझ्या खोलीचं दार दिवसभर उघडलं नाही. तेव्हापासून मी मध्ये पडत नाही."

मी पुन्हा दाराला हात लावणार होतो.

"नको लावूस," ती म्हणाली. "तुझ्यावर राग नाहीये त्यांचा. अजून तरी."

मी चप्पल घातली आणि निघालो. काका बाहेर आले की नाही, ते मी पाहिलं नाही. फोन करून विचारायचा अजून धीर होत नाही.