ही बोली कोण वाढवतंय?

"अरे, पुन्हा!" बाबांनी मोबाईल टेबलावर आपटला. "मी बोली लावतो न लावतो, तोच त्याची बोली माझ्यावर चढते!"

सुट्टीचे बेत आखत बसलेली तिघं दचकली. वादात कोणाला हार न जाणारी थोरली लेक 'वकील', तिची धाकटी बहीण 'खारूताई' आणि वरच्या मजल्यावर राहणारा त्यांचा आतेभाऊ 'भोपळा'.

ऑनलाइन लिलावात आजोबांचं जुनं छपाईयंत्र विकायला आलं होतं. छापखाना बंद झाला तेव्हा ते गेलं. ते विकण्याचं खापर बाबांनी आत्यावर फोडलं आणि आत्याने बाबांवर! तेव्हापासून एकाच घरात राहून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. आजोबा मात्र अजूनही अक्षरांचे खिळे जुळवावेत तशी बोटं हलवत बसायचे.

"मामा, समोरचा माणूस जेवत-झोपत नाही का?" भोपळ्याने विचारलं.

"तो माणूस नाहीच मुळी!" वकील म्हणाली. "जास्तीत जास्त किती देणार, ते आधीच सांगून ठेवता येतं. तो आकडा इतरांना दिसत नाही. दुसऱ्याने बोली वाढवली, की संगणक आपल्या वतीने जेमतेम एक पायरी वर चढतो. आपली मर्यादा येईपर्यंत."

"म्हणजे मामा भिंतीवर चेंडू मारतोय!"

"मग भिंत पडेपर्यंत मारतो!" बाबांनी हट्टाने पुन्हा बटण दाबलं. क्षणात उत्तर आलं.

"वर 'टिंग' वाजलं," खारूताई म्हणाली.

तिघं जिन्यात धावली. खाली बाबांनी पुन्हा बोली लावली. वर टिंग! भोपळ्याचा चेहरा उतरला.

"आईचा फोन! ती सकाळीच म्हणाली, एका आगाऊ माणसाची जिरवतेय."

"चला, सांगून टाकू!" खारूताई वळली.

"थांब. बाबांना आधी सांगितलं, तर म्हणतील, ती मुद्दाम करतेय. आत्याही तेच म्हणेल. मग दोघंही इरेला पेटतील," वकील विचार करत म्हणाली. "दोघांना एकाच वेळी दिसलं पाहिजे."

मग "आजोबा बोलावतायत" असा निरोप वर गेला आणि खालीही! लिलाव संपत आला होता, म्हणून दोघंही फोन हातात घेऊनच आजोबांच्या खोलीत आले. एकमेकांना पाहताच दोघांनी तोंडं फिरवली. बाबांचं बोट बटणावर टेकणार, इतक्यात वकीलने स्क्रीनवर हात ठेवला.

"आधी दोन्ही फोन शेजारी ठेवा!"

दोन्ही पडद्यांवर तेच यंत्र होतं.

"तो आगाऊ माणूस तू?" आत्या पुटपुटली.

"आणि ती भिंत तू?"

"बाकीचे केव्हाच बाजूला झालेत," वकील म्हणाली. "किंमत तुम्ही दोघांनीच वाढवलीत. समोर भाऊ आहे की बहीण, हे संगणकाला काय कळणार? त्याला सांगितलंत वर चढ, तो चढला."

बाबांनी बोट हळूच मागे घेतलं.

"तुझीच बोली वर आहे. राहू दे. अर्धे मी देतो."

लिलाव संपला. यंत्र आत्याला मिळालं.

"छापखाना बंद करून यंत्र विकायचं मीच ठरवलं होतं," आजोबा शांतपणे म्हणाले. "थकलो होतो रे. तुम्ही एकमेकांना दोष देत राहिलात, मला कोणी विचारलंच नाही. आणि मीही गप्प बसलो." त्यांनी तिघांना जवळ ओढलं. "शाबास! रागाला खतपाणी घालण्याआधी तुम्ही डोकं चालवलंत. आम्हा मोठ्यांना ते जमलं नाही."

आत्याने डोळे टिपले. "यंत्र माझ्याकडे वर ठेवू."

"एवढं जड धूड वर कोण नेणार? खालीच राहील!"

"वरच!"

वाद चांगलाच रंगला. पण या वेळी दोघंही समोरासमोर बसून भांडत होते आणि मधूनमधून हसत होते.