पावलांचं माप

बागेसाठी माळी बोलवायचा, ही कल्पनाच विभावरीबाईंना सहन होत नव्हती. माळी काय, पनागरसारख्या खेड्याकडून कुणीही खुरपं घेऊन येतो! त्यांना डिझायनर हवा होता. भिशीतल्या बायकांपुढे "माझा लँडस्केप डिझायनर" असं नुसतं म्हणता आलं असतं, तरी त्यांची अर्धी बाग फुलली असती.

घरामागची ती जागा गेल्या पावसाळ्यापर्यंत सासूबाईंची होती. रंगाच्या रिकाम्या डब्यांत तुळस, फुटक्या बादलीत ओवा, आणि पार टोकाला तांबडी जास्वंद. "भंगारवाल्याचं दुकान," असं विभावरीबाई म्हणायच्या, तेही म्हातारीला ऐकू जाईल अशा बेतानं. सासूबाई अनसूयाबाईंचा डावा पाय अधू. काठी टेकत, पाय ओढत त्या रोज अनवाणी जास्वंदीपर्यंत जायच्या, पूजेची फुलं आणायला. मागे पायाला चोळलेल्या महानारायण तेलाचा वास रेंगाळायचा.

उभ्या जन्मात त्यांनी सुनेकडे एकच गोष्ट मागितली.

"लय चिखल होते गं तिथं. चार फरश्या टाकून दे ना."

"आता किती दिवस चालणार आहात तुम्ही? फरश्या काहून पाहिजेत?"

ऑगस्टमध्ये म्हातारी त्याच चिखलात पडली. खुबा मोडला, पंधरा दिवसांत गेली. तेरावं झालं, काठी ग्वारीघाटावर नर्मदेत सोडली, आणि त्याच आठवड्यात विभावरीबाईंनी जास्वंद मुळासकट उपटवली. "आईचं वर्ष तरी होऊ दे," असं शशिकांतराव पुटपुटले. बायकोनं नुसतं पाहिलं, तसे ते वर्तमानपत्रात शिरले. कारखान्यात तीस वर्षं साहेबाला 'जी' म्हणून निवृत्त झालेला माणूस, घरात दुसरं काय म्हणणार!

जानेवारीत सुशांत आला. दाढी कोरलेली, बगलेत लॅपटॉप, मराठी अर्धीमुर्धी. मधोमध कारंजं, आणि तिथवर हिरवळीतून दगडी पायवाट, असा त्याचा आराखडा.

"दीदी, ज्याचं घर, त्याच्या चालीवर मी दगड बसवतो. वाळू टाकली आहे. आप कारंज्याच्या जागेपर्यंत नॉर्मल चला."

कलत्या उन्हात विभावरीबाई चालल्या. पायात चपला, मान ताठ, लग्नाच्या मांडवात शिरावं तशा. मागे वळून पाहायची गरज त्यांना वाटली नाही. आपल्या चालीबद्दल त्यांना कधी शंकाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दगड बसले. विभावरीबाई पाहायला गेल्या आणि भडकल्या. एक दगड लांब, दुसरा त्याला खेटून. पुन्हा एक लांब, एक खेटून. आणि वाट कारंज्याकडे वळलीच नव्हती. थेट कोपऱ्यातल्या रिकाम्या खड्ड्यापाशी जाऊन थांबली होती.

"ये क्या तमाशा है? लंगड्यासाठी वाट करून राहिला का तू?"

सुशांतनं फोन पुढे धरला. वाळूचा फोटो होता. उजवं पाऊल पूर्ण उमटलेलं. डावं फरफटलेलं, अंगठ्याची लांब रेघ मागे ओढत आलेली. आणि उजव्या अंगाला, पावलागणिक, एक गोल खळगा.

"मी तर ठशांवरच लावले, दीदी..."

"हे अनवाणी पाय आहेत! माझ्या पायात चपला होत्या!"

"हो ना... म्हणून तर फोटो काढला."

विभावरीबाईंनी फोटो पुन्हा एकदा पाहिला. पण हार मानेल ती विभावरी कसली! "मूर्ख आहेस तू. काढ दगड. पुन्हा वाळू टाक. अहो, या बाहेर! पाहा मी कशी चालते ते."

वाळू पडेस्तोवर दिवे लागायची वेळ झाली. धुकं उतरत होतं. शशिकांतराव शाल गुंडाळून पायरीवर उभे राहिले. विभावरीबाईंनी पदर खोचला आणि निघाल्या. ताठ. सरळ. पाय एकसारखे पडत होते, त्यांना स्वतःला कळत होतं ना!

"विभा..." नवऱ्याचा आवाज चिरकला. "तू अशी काहून चालून राहिली?"

"कशी?"

"आई... आईसारखी..."

त्या थांबल्या. पुढ्यात जास्वंदीचा खड्डा होता. कारंज्याकडे निघालेल्या त्या इथं कशा आल्या, ते त्यांनाच कळेना. हळूच मागे पाहिलं. वाळूत तीच फरफट, तेच गोल खळगे. आणि पार तिकडे, वाळू सुरू होते तिथं, त्यांच्या चपला. जोडीनं, नीट काढून ठेवलेल्या.

सुशांतनं लॅपटॉप छातीशी धरला. "मी उद्या येतो, दीदी," असं म्हणून तो फाटकाबाहेर पडला, तो पुन्हा आलाच नाही.

विभावरीबाई धावतच घरात गेल्या. धावतच, असं त्यांना वाटलं. शशिकांतरावांनी मात्र तोंड फिरवलं. न्हाणीघरात नळ सोडून त्या साबणानं हात घासत राहिल्या, कारण तेलाचा वास हातांनाच येत होता. दोनदा घासले, तिसऱ्यांदा घासले. मग बोटांना काहीतरी टणक लागलं.

दिव्याखाली त्यांनी उजवा तळहात उघडला. मधोमध पिवळट, जाड घट्टा होता. काठीच्या मुठीचा. जेवताना ताट पुढे सरकवणाऱ्या सासूबाईंच्या हातावर हाच घट्टा त्यांनी रोज पाहिला होता, आणि रोज नाक मुरडलं होतं.

असा घट्टा पडायला वीस-वीस वर्षं लागतात.